अनेक शैलींचा एकल अल्बम : कोकणात राहून तो कसा करावा

स्वतः लिहिलेली, स्वतः चाल लावलेली आणि स्वतःच गायलेली गाणी एका अल्बममध्ये आणावीत आणि त्यांत भजनाचा ठेका, कोळीगीताची लय, गिटारवरचे साधे गायन, थोडे जमैकन रेगे, थोडे अमेरिकन ब्लूज असे सगळे एकत्र नांदावे, अशी इच्छा किनारपट्टीवरच्या अनेक तरुण गीतकार-गायकांना होते. इच्छा रास्त आहे. मात्र असे प्रयोग बहुतेक वेळा शैली म्हणजे वाद्य या समजुतीपायी फसतात. गिटारच्या गाण्यात मध्येच दोन आवर्तने ढोलकी वाजवली, शेवटी सनई घातली आणि कोरसला झांज दिली म्हणजे शैलींचा मेळ होत नाही. तिथे केवळ वाद्यांची बेरीज होते. शैली राहते ती ठेक्यात, स्वर लावण्याच्या पद्धतीत आणि एका ओळीत किती अक्षरे बसतात या हिशेबात. पुढील मार्गदर्शन या एका गोष्टीभोवती आहे.

गाणे आधी, साज नंतर

प्रत्येक गाणे केवळ आवाज आणि एक वाद्य एवढ्यावर पूर्ण उभे राहीपर्यंत त्याची शैली ठरवू नये. बारा-पंधरा गाणी लिहावीत आणि त्यांतली आठ-नऊच ठेवावीत. एलपीच्या, म्हणजे जुन्या मोठ्या तबकडीच्या, एका बाजूवर चांगल्या दर्जाचे ध्वनिमुद्रण साधारण २० ते २२ मिनिटांचेच मावत असे आणि त्यातून अल्बम म्हणजे सुमारे ४० मिनिटे हा संकेत रूढ झाला. आज तसे बंधन उरलेले नाही, तरी शैली अनेक असताना ३५ ते ४० मिनिटांच्या पुढे जाणे मला शहाणपणाचे वाटत नाही, कारण प्रत्येक नव्या ठेक्याबरोबर श्रोत्याला पुन्हा कान लावावा लागतो.

शब्द लिहितानाच छंदाचा विचार केला तर पुढचे अर्धे काम हलके होते. मोठ्या अभंगाचा साचा उदाहरणादाखल पाहू: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार चरण, त्यांत दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक.

खाडीच्या तोंडाशी । होडी ही थांबली ।
सांज ही लांबली । तुझ्यापाठी ॥

हीच ओळ आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात म्हटली की पहिल्या तीन चरणांमागे प्रत्येकी दोन मात्रा मोकळ्या राहतात. या दोन मात्रा म्हणजे गायकाचा श्वास आणि गिटारवादकाला कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) बदलण्यासाठी मिळालेली जागा. तीच ओळ सहा मात्रांच्या, तीन-तीनच्या झोक्याने चालणाऱ्या कोळीगीताच्या लयीत म्हटली की अक्षराला एक मात्रा मिळून चरण काठोकाठ भरतो आणि मोकळीक फक्त शेवटी, ‘तुझ्यापाठी’मधला ‘ठी’ तीन मात्रा लांबवताना मिळते. पहिल्या प्रकारात ओळ विचार करीत चालते, दुसऱ्यात ती वल्ह्याबरोबर पुढे ढकलली जाते. शब्द एकच असून गाण्याचा स्वभाव पालटला आणि त्यासाठी एकही वाद्य बदलावे लागले नाही. आपले प्रत्येक गाणे अशा दोन-तीन ठेक्यांत म्हणून पाहावे आणि ज्या ठेक्यात अर्थ अधिक खरा वाटेल तो ठेवावा, मग तो ठेका आपल्या आवडत्या शैलीचा नसला तरी हरकत नाही.

किती शैली, आणि त्या कुठे ऐकाव्यात

एका अल्बमला तीन शैली पुरतात, चार म्हणजे कमाल. त्यांतली निदान एक अशी असावी की जी आपण लहानपणापासून ऐकली आहे आणि जिचा ठेका न मोजता धरता येतो.

कोकणात ऐकण्यासारखे भांडार मोठे आहे, पण ते तालुक्यागणिक बदलते. सिंधुदुर्गात दशावतारात पेटी, मृदंग आणि झांज एवढ्याच साथीवर रात्रभराचे नाटक उभे राहते; संवादातून पदात आणि पदातून पुन्हा संवादात नट कसे सरकतात, हे गीतकाराने मुद्दाम पाहण्यासारखे आहे. डबलबारीत, म्हणजे भजनाच्या सामन्यात, दोन बुवा समोरासमोर बसतात, तेव्हा तीच ती चाल लय वाढवत कुठवर नेता येते आणि ती नेमकी कुठे सोडावी, याचा धडा मिळतो. रत्नागिरीकडे जाखडी या नाचगाण्यात शक्तीवाले आणि तुरेवाले हे दोन पक्ष सवाल-जवाब करतात, तर शिमग्यात नमन-खेळे असतात. रायगडाच्या किनाऱ्यावर कोळीगीते आहेत. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाने चित्रकथी आणि बाहुल्यांची परंपरा राखली आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. एकामागून एक चित्र दाखवत अर्धे बोलून, अर्धे गाऊन कथा पुढे नेण्याची ती रीत लांब कथनगीत लिहू पाहणाऱ्याला कोणत्याही परदेशी गायकाच्या ध्वनिमुद्रणाइतकेच शिकवील.

बाहेरची शैली घेताना तिचा सांगाडा समजून घ्यावा. ब्लूजचा रूढ साचा बारा बारचा, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा आवर्तनांचा, असतो आणि त्यात पहिली ओळ बहुधा दोनदा म्हणून तिसऱ्या ओळीत उत्तर दिले जाते. आपल्याकडच्या सवाल-जवाबाशी त्याचे जमते. रेगेचे मात्र सावधपणे करावे. त्यातल्या ‘वन ड्रॉप’ ठेक्यात पहिली मात्रा मोकळी सोडतात आणि सगळे वजन तिसऱ्या मात्रेवर टाकतात. आपल्या पखवाजवाल्याला तर समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन टेकण्याची सवय असते, त्यामुळे हे दोन ठेके नुसते एकावर एक ठेवले की दोघेही वादक अवघडतात आणि गाणे पांगळे होते. यावर एक उपाय चांगला चालतो: सम पखवाजाकडे द्यावी, बेस गिटारने समेवर अजिबात वाजवू नये आणि तिसऱ्या मात्रेला दोघांनी भेटावे. असा निर्णय प्रत्येक मिश्र गाण्यासाठी कागदावर लिहून ठेवावा. सम कोण देणार, खालचे सप्तक कोण सांभाळणार आणि आवाज एकटा कुठे राहणार, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत वादकांना बोलावू नये.

पेटी आणि गिटार यांचा संसार

मिश्र शैलीच्या अल्बममध्ये खरा खोळंबा सुरांचा होतो. गिटार आणि कीबोर्ड ४४० हर्ट्झच्या मानाने लावलेले असतात; गावातल्या भजन मंडळाची पेटी तशी असेलच असे नाही. म्हणून पहिल्याच दिवशी मोबाइलवरचा ट्यूनर घेऊन पेटीचे निदान मधल्या सप्तकातले सगळे सूर एकेक करून तपासावेत आणि भाता सारख्या दाबाने चालवावा, कारण दाब बदलला की सूरही किंचित हलतो. पेटी सगळीकडून सारखीच, समजा १५ सेंट (अर्ध्या स्वराचे १०० सेंट), चढी निघाली तर गिटार पेटीला लावावी आणि कीबोर्डचे मूळ मान सुमारे ४४४ हर्ट्झवर न्यावे. ती कुठे चढी आणि कुठे उतरलेली निघाली, तर ती दुरुस्तीला द्यावी किंवा दुसरी आणावी. संगणकावर एकेक सूर सरळ करीत बसण्याचा उद्योग करू नये. त्यात पेटीचा जीव जातो.

पट्टीचे गणित सोपे आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्याने गिटारला पहिल्या घरात कापो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून सीचे आकार वाजवावेत, काळी चारमध्ये गाणाऱ्या मुलीने त्याच कापोने जीचे. पेटीवाल्याला ‘सी शार्प’ म्हणून सांगण्यापेक्षा ‘काळी एक’ म्हणावे आणि गिटारवाल्याला उलट. दोघांच्या मध्ये दुभाष्याचे काम गायकालाच करावे लागते.

कॉर्डचा प्रश्न अधिक नाजूक आहे. भजनाचा शेवट भैरवीने होतो, त्यामुळे अल्बमचे शेवटचे गाणे भैरवीत करावे असे कोणालाही सुचेल. सीला षड्ज मानले तर भैरवीच्या सुरांतून सी मायनर, डी फ्लॅट मेजर, ई फ्लॅट मेजर, एफ मायनर, ए फ्लॅट मेजर आणि बी फ्लॅट मायनर हे कॉर्ड मिळतात. पंचमावर मात्र धड मेजरही मिळत नाही आणि मायनरही मिळत नाही, कारण रिषभ कोमल आहे. गिटारवादकाचा हात सवयीने जी मेजरवरून सीवर येतो आणि त्या क्षणी शुद्ध निषाद आणि शुद्ध रिषभ घुसून भैरवी मोडते. तिथे डी फ्लॅट मेजर किंवा बी फ्लॅट मायनरवरून सी मायनरवर यावे. कोमल रिषभाचा तो उतार भैरवीचाच आहे. गळ्यातल्या जागा आणि कॉर्ड यांचे जिथे जुळेना, तिथे गिटारने फक्त षड्ज आणि पंचम धरून गप्प राहावे. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती आणि ती १९७१ साली शिथिल झाली. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे) न निघणे आणि सुरांचे ठरीव अंतर हे आक्षेप त्यामागे होते. ते आक्षेप आजही खोटे नाहीत, म्हणून जिथे गळ्याची मींड महत्त्वाची असेल तिथे पेटीलाही थांबवावे.

घुमट हे मातीच्या मडक्याचे तालवाद्य वाजवायचे मनात असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुन्या घुमटांना घोरपडीचे कातडे लावीत, आणि घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. गोव्याने २०१९ साली घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला तो बकरीच्या कातड्याची घुमटे वाजू लागल्यावर. तसेच घ्यावे, माइकसमोर त्याचा नाद पुरेसा भरदार येतो.

ऋतू, जागा आणि वीज

ध्वनिमुद्रणाला हवा मानवते ती दिवाळीनंतर शिमग्यापर्यंत. अडचण अशी की त्याच दिवसांत जत्रा असतात आणि दशावतारी मंडळींना उसंत नसते. गणपतीत भजनी बुवा आणि जाखडीवाले सापडत नाहीत, शिमग्यात नमनवाले. बहुतेक लोककलावंत शेतकरी असल्यामुळे भाताची लावणी आटोपल्यापासून गणपती येईपर्यंतचे जे थोडे आठवडे मिळतात त्यांतच ते मोकळे असतात, आणि तेव्हा पाऊस ऐन भरात असतो. म्हणून कामाचे दोन भाग करावेत. ढोलकी, पखवाज, झांज आणि कोरस हे जोरकस आवाज पावसात घ्यावेत, कारण त्यांच्यामागे सरींचा आवाज दबतो. गायन, गिटार आणि पेटी थंडीत घ्यावी.

पत्र्याखाली काहीही मुद्रित करू नये. कौलारू घरात माजघर हे सर्वांत चांगले ठिकाण, कारण त्याच्या चारी बाजूंनी दुसऱ्या खोल्या असतात; जांभ्याच्या जाड भिंती बाहेरचा आवाज पुष्कळ अडवतात. आतला घुमा कमी करण्यासाठी गायकाच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर गोधड्या टाकाव्यात. स्लॅबची खोली असेल तर पावसाचा त्रास कमी, पण गोधड्या दुप्पट लागतील. देवळाच्या सभामंडपात कोरस फार सुंदर उतरतो, मात्र आधी गावकऱ्यांची परवानगी घ्यावी आणि आरतीची वेळ सोडून जावे.

दमट हवेत पखवाज आणि तबला उतरतात. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेली कणीक काम लांबले की वाळत जाते आणि नाद वर सरकतो. पहिल्या आणि पाचव्या टेकमध्ये जमिनीअस्मानाचा फरक पडलेला नंतर लक्षात येतो. म्हणून प्रत्येक टेकनंतर एक खुला ठोका मुद्रित करून मागच्याशी ताडून पाहावा. माइक आणि पेटी सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद डब्यात किंवा पेटाऱ्यात ठेवावी, कारण खाऱ्या हवेत पेटीतल्या धातूच्या स्वरपट्ट्या लवकर गंजतात. वीज जाणार हे धरूनच चालावे: लॅपटॉप बॅटरीवर, ऑडिओ इंटरफेस लॅपटॉपच्याच यूएसबीवर, आणि इन्व्हर्टर शक्यतो बंद, कारण त्याची गुणगुण तारेतून आत येते.

ध्वनिमुद्रण

सामग्री फार लागत नाही. दोन चॅनेलचा इंटरफेस, एक कंडेन्सर माइक आणि त्यासाठी लागणारा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, एक डायनॅमिक माइक आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन एवढ्यावर अल्बम होतो. सॉफ्टवेअर रीपर असो, आर्डर असो की आणखी काही, त्याने गाण्यात फरक पडत नाही. २४ बिट ठेवावे, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ यांपैकी एक निवडून शेवटपर्यंत तेच पाळावे, आणि आवाजाची शिखरे उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहतील एवढीच पातळी द्यावी.

क्लिक, म्हणजे हेडफोनमध्ये वाजणारा लयीचा ठोका, लावावा की नाही, यावर दुमत आहे. गिटारप्रधान गाण्याला लावावा. भजनी किंवा जाखडीच्या अंगाच्या गाण्याला लावू नये, कारण तिथे लय अंतऱ्यागणिक वाढत जाणे हाच त्या शैलीचा प्राण असतो. क्लिकच्या दाव्याला बांधलेला ढोलकीवाला बिनचूक वाजवतो आणि कंटाळवाणा वाजवतो. तिथे आधी गायक आणि तालवादक यांनी समोरासमोर बसून एकत्र वाजवावे आणि मग त्या मुद्रणावरून संगणकात लयीचा नकाशा करून बाकीची वाद्ये त्यावर चढवावीत.

माइकच्या जागा: गळ्यासाठी वीतभर अंतर आणि पुढे पॉप फिल्टर, पेटीसाठी हातभर अंतरावर वरून, भात्याच्या बाजूने कधीच नाही, नाहीतर फुसफुस सुरांपेक्षा मोठी येते, पखवाजाला दोन्ही तोंडांकडे एकेक. झांज सर्वांत शेवटी, वेगळी आणि माइकपासून निदान पाच-सहा फुटांवर घ्यावी, कारण ती खोलीत एकदा वाजली की प्रत्येक माइकमध्ये शिरते आणि नंतर बाहेर काढता येत नाही. कोरससाठी चार माणसे एका माइकभोवती अर्धवर्तुळात उभी करून तीनदा गाऊन घ्यावे आणि दर वेळी जागा बदलायला सांगावे; चौघांचे मंडळ बाराजणांसारखे ऐकू येते.

मिश्रण

अल्बमला एकसंध ठेवणारी गोष्ट एकच असते, ती म्हणजे गायकाचा आवाज. म्हणून शैली कितीही बदलल्या तरी आवाजाची जागा, त्याची जवळीक आणि त्यावरचा रिव्हर्ब (घुमारा) सगळ्या गाण्यांत जवळपास सारखा ठेवावा. कोळीगीतात आवाज दूरच्या बंदरातून आणि पुढच्या गिटारच्या गाण्यात कानाशी, असे झाले की दोन वेगळ्या माणसांचे अल्बम जोडल्यासारखे वाटते.

पखवाजाचे डावे तोंड आणि बेस गिटार साधारण ६० ते १२० हर्ट्झमध्ये एकमेकांच्या पायात येतात. दोघांपैकी एकालाच तिथे राज्य द्यावे. गिटार झोडून वाजत असेल तेव्हा पेटीने कॉर्ड धरू नये, एकेरी सुरांची ओळ वाजवावी. गळ्यावर ८० ते १०० हर्ट्झखालचे सगळे कापावे. तयार झालेले मिश्रण मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर ऐकून पाहावे, कारण निम्मे श्रोते तिथेच ऐकणार आहेत. अंतिम मास्टर (प्रकाशनाची शेवटची प्रत) शक्यतो दुसऱ्या, ताज्या कानाच्या माणसाकडून करून घ्यावा. स्पॉटिफाय गाण्याची पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (ऐकू येणाऱ्या जोराचे माप) आसपास आणून ठेवते, त्यामुळे गाणे चेपून मोठे करण्यात फायदा नाही. शिखर उणे १ डेसिबलखाली राहिले म्हणजे झाले. मृदंगाचा ठोका चेपला गेला की तो पुठ्ठ्यावर मारल्यासारखा वाजतो, हे मास्टर करणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे.

हक्क, श्रेय आणि प्रकाशन

परंपरेने चालत आलेली चाल कोणाच्या मालकीची नसते, पण तिचे एखाद्या कंपनीने केलेले ध्वनिमुद्रण असते. म्हणून जुन्या कॅसेटवरून तुकडा कापून घेऊ नये, चाल नव्याने गाऊन घ्यावी. ज्ञात कवीचे शब्द असतील तर भारतात त्यांचे हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतात. शिमग्यातले गाऱ्हाणे किंवा देवळातला अवसर (अंगात देव येणे) कायद्याने मोकळा असला तरी तो गावाचा धार्मिक व्यवहार आहे. मानकऱ्यांना विचारल्याशिवाय तो गाण्यात वापरू नये, आणि ते नको म्हणाले तर विषय तिथेच संपवावा.

प्रत्येक वादकाला बिदागी द्यावी आणि ती कशासाठी दिली हे एका साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. ठेका कोणी सुचवला, चालीचा मूळ धागा कोणत्या मंडळाकडून आला, याचे श्रेय नावानिशी छापावे. स्वतःच्या बाबतीत एवढे माहीत असावे की १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने, गीतकार आणि संगीतकाराने हक्क दुसऱ्याला दिले तरी रॉयल्टीतला समान वाटा मागण्याचा त्याचा अधिकार राहतो. आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे सभासदत्व गीतकार आणि संगीतकार अशा दोन्ही नात्यांनी घ्यावे. प्रत्येक गाण्याला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक लागतो. ऑनलाइन वितरक तो बहुधा स्वतःच देतो, पण तो आपल्या वहीतही उतरवून ठेवावा, कारण उद्या वितरक बदलला तर ऐकणाऱ्यांची जुनी मोजणी त्याच क्रमांकाला चिकटलेली असते.

क्रम लावताना सलग दोन गाणी एकाच ठेक्याची येऊ देऊ नयेत आणि सर्वांत अनोळखी मिश्रण पहिले ठेवू नये, तिसरे ठेवावे. प्रकाशनाला गणपतीचा आठवडा उत्तम, चाकरमानी गावी आलेले असतात आणि घराघरांत गाणे वाजत असते. त्यासाठी अंतिम फाइली, मुखपृष्ठ आणि देवनागरीत तपासलेली गाण्यांची नावे किमान चार आठवडे आधी वितरकाकडे पोहोचवावीत. नावातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक एकदा सगळीकडे पसरली की ती दुरुस्त व्हायला दिवाळी उजाडते.